त्र्यंबकेश्वर परिसरातील पाषाणवास्तू आणि पाथरवटांच्या खुणा : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

त्र्यंबकेश्वर येथील ज्योतिर्लिंगाचे आजचे मंदिर काळ्या पाषाणात बांधलेले आहे. तिसरे पेशवे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांच्या काळात, १७५५ मध्ये, त्याच्या उभारणीस आरंभ झाला आणि १७८६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. या कामी सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाल्याचे सांगितले जाते. मंदिराविषयीच्या बहुतेक मराठी लेखनात वास्तूची माहिती येथेच थांबते. बांधविणारा कोण, काळ कोणता आणि खर्च किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की लेखक क्षेत्रमाहात्म्याकडे वळतो. दगड कोणी काढला, कोणी घडविला, कोणी चढविला आणि त्या श्रमाचा हिशेब कसा ठेवला गेला, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे एक साधन म्हणजे पाथरवटांच्या खुणा. जगातील अनेक प्राचीन व मध्ययुगीन इमारतींच्या दगडांवर टाकीने कोरलेल्या लहानलहान आकृती आढळतात. त्यांत कोठे बाण असतो, कोठे त्रिशूळ, कोठे एखादे अक्षर, तर कोठे नुसत्या दोन छेदणाऱ्या रेषा. अलंकरणाशी त्यांचा संबंध नसतो आणि भाविकाने त्या पाहाव्यात अशी अपेक्षाही नसते. या खुणांचा अर्थ लावण्याच्या ज्या रीती आजवर रूढ झाल्या, त्यांची चिकित्सा करणे आणि त्या आधारे त्र्यंबकेश्वर परिसरातील पाषाणवास्तूंकडे कसे पाहावे याची दिशा सुचविणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

खुणांचे प्रकार आणि त्यांचे कार्य

खुणांचा विचार करताना प्रथम त्यांचे कार्यानुसार वर्गीकरण करणे आवश्यक ठरते. दगड खाणीतून निघून भिंतीत बसेपर्यंत अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर खुणेची गरज वेगळी असते.

पहिला प्रकार खाणीतील खुणांचा. दगड फोडण्यासाठी एका ओळीत भोके पाडून त्यांत पाचरी ठोकण्याची रीत फार जुनी आहे. अर्धवट फुटलेल्या शिळांवर या भोकांची ओळ पुढे शतकानुशतके दिसत राहते. खाणीतच कोरलेली खूण दगड कोणत्या खाणीचा, कोणत्या टोळीने काढलेला आणि कोणत्या कामासाठी आहे, हे सांगते.

दुसरा प्रकार जुळणीच्या खुणांचा. घडविलेला चिरा कोणत्या बाजूला, कितव्या थरात आणि कोणत्या जागी बसवावयाचा, याची ती सूचना असते. हंपी येथील राजप्रासादाच्या आवारातील पायऱ्यांची पुष्करणी हे याचे उत्तम उदाहरण होय. १९८० च्या दशकातील उत्खननात उजेडात आलेल्या या पुष्करणीच्या दगडांवर दिशा, ओळ आणि स्थान दर्शविणाऱ्या खुणा कोरलेल्या आहेत. संपूर्ण रचना आधी आखून, दगड अन्यत्र घडवून, नंतर येथे जुळविल्याचे त्यांवरून स्पष्ट होते. आराखड्याचा कागद नष्ट झाला तरी त्याची आज्ञा दगडावर शिल्लक राहिली आहे.

तिसरा प्रकार कारागिराच्या वा टोळीच्या खुणांचा. घडविलेला दगड कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, हे त्या सांगतात. मध्य प्रदेशातील भोजपूर येथील अकराव्या शतकातील अपूर्ण शिवमंदिराच्या परिसरात अशा तेराशेहून अधिक खुणांची नोंद झालेली आहे. चक्र, स्वस्तिक, शंख, त्रिशूळ, अर्धवर्तुळ आणि छेदणाऱ्या रेषा असे त्यांचे आकार आहेत. काही ठिकाणी कारागिरांची नावेही कोरलेली आहेत. जवळच्या खडकावर मंदिराच्या भागांची रेखाटने कोरलेली असल्यामुळे आराखडा, खाण, खूण आणि इमारत हे सर्व टप्पे तेथे एकत्र पाहावयास मिळतात. व्यक्ती, कुटुंब वा श्रेणी यांनी केलेल्या कामाचे मोजमाप करून मेहनताना देता यावा, हा या खुणांचा हेतू असावा असे अभ्यासक मानतात.

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. खूण कोणासाठी तरी असते आणि तो वाचक ठरलेला असतो. खाणीतील खूण गाडीवानासाठी व मुकादमासाठी, जुळणीची खूण गवंड्यासाठी, तर कारागिराची खूण हिशेबनिसासाठी असते. त्यामुळे ‘या चिन्हाचा अर्थ काय?’ या प्रश्नाआधी ‘हे चिन्ह कोणी वाचावयाचे होते?’ हा प्रश्न विचारणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक योग्य ठरते.

पाश्चात्त्य अभ्यासाची वाटचाल

युरोपात या विषयाच्या अभ्यासाला एकोणिसाव्या शतकात गती मिळाली. वास्तुविशारद जॉर्ज गॉडविन यांनी १८४१ मध्ये लंडनच्या पुरातत्त्वप्रेमींच्या प्रतिष्ठित संस्थेपुढे इमारतींवरील खुणांविषयीची आपली निरीक्षणे मांडली. निरनिराळ्या देशांतील इमारतींवर सारख्या खुणा आढळतात, या बाबीकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे १८८३ मध्ये व्हिएन्ना येथे फ्रान्झ रझिहा यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सर्व खुणा काही मोजक्या मूळ भौमितिक जाळ्यांतून निष्पन्न होतात आणि त्या जाळ्यांचे ज्ञान कारागिरांच्या संघांपुरते गुप्त होते, असा त्यांचा सिद्धांत होता.

हा सिद्धांत आकर्षक होता, पण त्याची तर्करीत सदोष होती. पुरेसे दाट जाळे घेतले तर सरळ रेषांची कोणतीही आकृती त्यात बसविता येते. आकृती जाळ्यात बसली म्हणून ती जाळ्यातूनच जन्मली, असे सिद्ध होत नाही. खुणा बहुधा सरळ रेषांच्याच का असतात, याचे उत्तर हत्यारात सापडते. टाकीच्या चार-सहा घावांत सरळ रेषा उमटते, तर वर्तुळ काढण्यास वेळ लागतो. दिवसातून अनेक दगडांवर तीच खूण करावयाची असेल, तर कारागीर सोपा आकार निवडणार हे उघड आहे.

खुणेला संस्थात्मक मान्यता असल्याचा पुरावा स्कॉटलंडमध्ये मिळतो. तेथील राजाचा बांधकामप्रमुख विल्यम शॉ याने १५९८ मध्ये केलेल्या नियमांत संघात प्रवेश घेणाऱ्या कारागिराचे नाव आणि त्याची खूण वहीत नोंदवावी, अशी तरतूद आहे. येथे खूण ही गुप्त विद्येची किल्ली नसून वहीतील नोंदीचे दगडावरील रूप आहे. वही आणि दगड यांचा हा संबंध पुढे त्र्यंबकेश्वराच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

भारतीय पुरावा : चिन्ह, अक्षर आणि नाव

भारतीय उपखंडात कारागिरांच्या खुणांचा पुरावा प्राचीन आहे. पाटण्याजवळील कुम्राहार येथील मौर्यकालीन स्तंभावशेषांवरील खूण आणि इराणमधील पर्सेपोलिस येथील खुणा यांतील साम्य डी. बी. स्पूनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. भारहूत येथील स्तूपाच्या तोरणावर अलेक्झांडर कनिंगहॅम यांना खरोष्ठी अक्षरे आढळली. भारहूतचे दानलेख ब्राह्मी लिपीत असताना कारागिरांच्या खुणा मात्र वायव्य भारतातील लिपीत आहेत, ही बाब उद्बोधक आहे. एवढ्या लहान खुणांवरून कारागीर शेकडो मैल प्रवास करून कामावर आले असावेत, असा निष्कर्ष काढता येतो. कोणत्याही दानलेखाने ही माहिती दिलेली नाही.

या उदाहरणांमुळे आणखी एक समजूत तपासून घ्यावी लागते. खुणा या निरक्षर कारागिरांच्या सह्या होत, असे सरसकट म्हटले जाते. परंतु भारहूतची खरोष्ठी अक्षरे आणि भोजपूरची कोरलेली नावे या समजुतीला छेद देतात. कामाच्या जागी अक्षर जाणणारी माणसे होती, तरीही चिन्हांचा वापर होत होता. चिन्ह हे अक्षराच्या अभावी आलेले दुय्यम साधन मानण्याचे कारण नाही. ज्या कामाला चिन्ह पुरेसे होते, तेथे चिन्ह वापरले गेले.

याच्या उलट टोकाचे मत आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनामुळे रूढ झाले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ या ग्रंथातून आणि त्यानंतरच्या लेखनातून परंपरेत विलीन झालेल्या, स्वतःचे नाव मागे न ठेवणाऱ्या भारतीय कारागिराची प्रतिमा उभी राहिली. वसाहतकाळात भारतीय कारागिरीची प्रतिष्ठा प्रस्थापित करण्याचे मोठे कार्य या लेखनाने केले, हे मान्य केले पाहिजे. तथापि अनामिकतेचे हे तत्त्वज्ञान सर्वत्र लागू करता येत नाही. होयसळ मंदिरांतील मल्लितम्म या शिल्पकाराने अनेक मूर्तींखाली आपले नाव कोरले आहे. बेलूर येथील दासोज व चावण यांचीही नावे ज्ञात आहेत. दिल्लीच्या कुतुबमिनाराची फिरोजशाह तुघलकाच्या काळात दुरुस्ती झाली, तेव्हा कारागिरांनी नागरी लिपीत लेख कोरून विश्वकर्म्याच्या प्रसादाचा उल्लेख केला. आर. एन. मिश्र यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन कलावंतांचे लेख एकत्रित अभ्यासले. एस. सेट्टर यांनी होयसळ शिल्पकारांच्या नाममुद्रांचा सखोल अभ्यास केला. या संशोधनानंतर भारतीय कारागीर स्वभावतःच अनामिक होता, असे म्हणणे कठीण झाले आहे.

महाराष्ट्रातील नावे

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर येथील कारागिरांच्या नावांची परंपरा सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे. कोंडाणे लेण्यातील शिल्पाजवळ कण्हाचा (कृष्णाचा) शिष्य बलक याने ते केल्याचा लेख आहे. पितळखोरे येथील यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास या सुवर्णकाराचे नाव आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या द्वाराशी धेनुकाकट येथील सामी या वर्धकीचा, म्हणजे सुताराचा, उल्लेख आहे. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात देखरेख करणाऱ्यांसोबत दगड घडविणाऱ्यांचाही निर्देश येतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख कारागिरांच्या संघटनेवर प्रकाश टाकतात. उषवदात याने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचे आणि त्यांवरील व्याजाचे दर ठरवून दिल्याचे दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख सांगतो. ज्या समाजात कारागिरांच्या श्रेणी ठेवी स्वीकारून व्याज देत होत्या, त्या समाजात कामाची मोजदाद काटेकोर असणार, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मध्ययुगात मात्र चित्र बदललेले दिसते. नाशिकहून त्र्यंबककडे जाताना वाटेत लागणाऱ्या अंजनेरी येथे मंदिरांचा समूह आहे. तेथील शके १०६३ (इ. स. ११४१-४२) चा, यादव राजा सेऊणचंद्र याच्या काळातील लेख चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिरास दिलेल्या दुकानांच्या दानाची नोंद करतो. दान कोणी दिले आणि कशाचे दिले, हे लेख सांगतो; मंदिर कोणाच्या हातांनी उभे राहिले, हा त्याचा विषय नाही. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे भूमिज शैलीतील पंचायतन मंदिरांचे महाराष्ट्रातील अत्यंत परिपूर्ण उदाहरण होय. त्याचे नावही परंपरेने बांधविणाऱ्या यादव पुरुषाशी जोडले जाते. चुन्याविना दगडावर दगड सांधून उभारलेल्या अशा इमारतींना आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. त्याच्या जन्माआधीची मंदिरेही त्याच्याच नावाने ओळखली जातात. सांधा बसविण्याच्या या कौशल्याला त्या कौशल्याच्या धन्याचे नाव मिळाले नाही, एका मंत्र्याचे मिळाले. मराठीतील वास्तुविषयक परिभाषेवर कर्त्याऐवजी करवित्याची छाप किती खोल आहे, हे यावरून दिसून येते.

शिवकाळातील अपवाद सर्वश्रुत आहे. रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर यांच्या सेवातत्परतेचा लेख आहे. त्याचे महत्त्व निर्विवाद होय. तथापि हिरोजी हे बांधकामाचे प्रमुख होते. टाकी चालविणाऱ्या पाथरवटाचे नाव त्या पायरीवरही नाही.

त्र्यंबकेश्वर : एकतीस वर्षांचे काम

या पार्श्वभूमीवर त्र्यंबकेश्वराच्या मंदिराकडे पाहिले असता काही गोष्टी नव्याने लक्षात येतात. १७५५ ते १७८६ या एकतीस वर्षांत पुण्याच्या गादीवर नानासाहेब, थोरले माधवराव, नारायणराव, रघुनाथराव आणि सवाई माधवराव असे पाच पेशवे झाले. १७६१ मध्ये पानिपतचा पराभव झाला आणि त्याच वर्षी नानासाहेबांचे निधन झाले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, त्यानंतर बारभाईंचे कारस्थान झाले आणि इंग्रजांशी पहिले युद्ध झाले. या उलथापालथीतून मंदिराचे काम तडीस गेले.

एकतीस वर्षे म्हणजे पाथरवटाचे अवघे कार्यायुष्य. पाया घातला गेला तेव्हा कामावर आलेला तरुण कळस चढेपर्यंत वृद्ध झाला असणार आणि त्याच्या जागी त्याच्या पुढची पिढी टाकी धरू लागली असणार. मंदिर नानासाहेबांच्या नावे ओळखले जाते, परंतु त्यांच्या हयातीत कामाची जेमतेम सहा वर्षे झाली. उरलेल्या पंचवीस वर्षांचे सातत्य कोणा एका धन्याचे नसून काम करणाऱ्यांचे आणि त्यांचा हिशेब सांभाळणाऱ्यांचे आहे.

ज्या पाषाणात हे काम झाले, त्याचाही विचार केला पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांपासून बनलेला दख्खनचा बेसॉल्ट कठीण असतो आणि सर्वत्र सारखा नसतो. काही थर सच्छिद्र व पोकळ्यांचे, तर काही घट्ट असतात. घट्ट थर ओळखणे, तो अखंड फोडणे आणि त्यावर बारीक काम करणे, हे वेगवेगळ्या हातांचे कौशल्य होय. महाराष्ट्रात या कामाची विभागणी समाजरचनेतही उतरलेली दिसते. वडार समाजात गाड्यांवरून दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार आणि दगड घडविणारे पाथरवट असे भेद आहेत. पाट्या-वरवंट्याला आणि जात्याला टाकी लावून देणारा कारागीर गेल्या पिढीपर्यंत गावोगाव परिचित होता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मराठी माणूस सहज उच्चारतो. त्या म्हणीतही घाव सोसणारा दगड आहे, घाव घालणारा मात्र अध्याहृत आहे.

त्र्यंबकेश्वराचे काम सुरू असतानाच नाशिक शहरात इतर मोठी मंदिरे उभी राहिली. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये सुंदरनारायणाचे मंदिर बांधले. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत काळारामाचे मंदिर उभारले. काळारामासाठी रामशेजच्या परिसरातून दगड आणल्याचे आणि दोन हजार कारागीर बारा वर्षे राबल्याचे सांगितले जाते. त्र्यंबक ते नाशिक हे अंतर सुमारे २८ किलोमीटर आहे. इतक्या लहान प्रदेशात, इतक्या कमी काळात घट्ट बेसॉल्टवर काम करणाऱ्या एवढ्या कारागिरांची गरज निर्माण झाली, तेव्हा त्याच टोळ्या एका कामावरून दुसऱ्या कामावर गेल्या असाव्यात काय? राजकीय इतिहास या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. तीन ठिकाणच्या दगडांवरील खुणा आणि टाकीच्या घावांची पद्धत यांची तुलना हाच त्याचा मार्ग आहे. भारहूतच्या अक्षरांनी जे काम केले, तेच काम येथे अपेक्षित आहे.

खूण न दिसण्याचा अर्थ

एखाद्या इमारतीच्या दर्शनी भागावर खुणा दिसत नाहीत, तेव्हा दोन घाईचे निष्कर्ष काढले जातात. कारागिरांनी नम्रतेने स्वतःस मागे ठेवले, हा पहिला. त्यांना खूण करण्याचा अधिकारच नव्हता, हा दुसरा. दोन्ही निष्कर्ष अपुरे आहेत, कारण खूण न दिसण्याची किमान तीन व्यावहारिक कारणे संभवतात.

पहिले कारण घडणावळीच्या क्रमाचे आहे. दगड प्रथम ढोबळ आकारात आणला जातो, मग टोकदार टाकीने सपाट केला जातो आणि शेवटी दर्शनी बाजूवर बारीक काम होते. खूण दर्शनी बाजूवर असेल तर ती या अखेरच्या हातात पुसली जाते. ती टिकते ती सांध्याच्या आतील बाजूवर, म्हणजे इमारत उभी असेपर्यंत कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या जागी.

दुसरे कारण मेहनतान्याच्या पद्धतीचे आहे. दगडागणिक मोबदला मिळत असेल तर दगडावर खूण हवी. रोजावर काम चालत असेल तर हजेरी पुरते. खुणांचे प्रमाण कमी असणे हे रोजंदारीचे लक्षण असू शकते. परंतु पहिले कारण लक्षात घेता ते एकट्याने सिद्ध होणारे नाही. त्यासाठी कागदाचा आधार लागतो.

येथेच तिसरे कारण पुढे येते. पेशवाई ही कागदाची राजवट होती. रोजकीर्दी, जमाखर्चाचे ताळेबंद, हिशेब यांचे कोट्यवधी मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. निवडीचा भर साहजिकच राजकारण आणि मोहिमांवर होता. जेथे वही समर्थ असते, तेथे दगडावर हिशेब मांडण्याची गरज कमी होते. स्कॉटलंडमध्ये खूण वहीत आणि दगडावर अशी दोन्हीकडे होती. पेशवाईत तिचा भार मोठ्या प्रमाणात वहीने उचलला असणे शक्य आहे. म्हणून त्र्यंबकेश्वराच्या पाथरवटांचा शोध दगड आणि दप्तर या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घ्यावा लागेल. पुरातत्त्वाचा अभ्यासक मोडी वाचत नाही आणि मोडीचा अभ्यासक सांध्यात डोकावत नाही, तोवर हा शोध अपुरा राहणार.

गैरवाचनाचे धोके

खुणांचा अभ्यास करताना विवेक सुटण्याचे प्रसंग अनेक येतात. दगडावरील प्रत्येक ओरखडा ही पाथरवटाची खूण नसते. महाराष्ट्रातील लेणी, मंदिरे आणि किल्ले यांच्या पायऱ्यांवर, ओट्यांवर नवकंकरी, वाघबकरी आणि मंकळा या खेळांचे पट कोरलेले आढळतात. यात्रेकरूंनी कोरलेली नावे असतात. नंतरच्या दुरुस्तीत घातलेले क्रमांकही असतात. खूण खरोखर बांधकामाची आहे की नाही हे तिची जागा, खोली, झीज आणि पुनरावृत्ती यांवरून ठरते. एकच आकृती एकाच इमारतीत अनेक दगडांवर आढळली, तर ती हिशेबाची खूण असण्याची शक्यता वाढते. एकदाच आढळणाऱ्या आकृतीवर सिद्धांत उभारणे धोक्याचे असते.

आपल्याकडे याहून गंभीर गैरवाचन गुप्तधनाचे आहे. जुन्या दगडावरील अनोळखी चिन्ह म्हणजे पुरलेल्या धनाचे ‘बीजक’, ही समजूत ग्रामीण भागात खोलवर रुजलेली आहे. बाण दिसला की त्या दिशेला खणावयाचे, या विचाराने कित्येक पडीक मंदिरांचे चौथरे उकरले गेले आणि वीरगळ उलथून टाकले गेले. रझिहा यांचे गुप्त जाळे आणि गावचे बीजक यांत विद्वत्तेचे अंतर मोठे असले तरी चूक एकाच जातीची आहे. दोन्हींनी खुणेला रहस्य मानले. व्हिएन्नातील चुकीने केवळ एक ग्रंथ कालबाह्य झाला, पण येथील चुकीने पुरावाच नष्ट होतो.

जतनाचा प्रश्न

सांध्याच्या आतील खुणा पाहण्याची संधी इमारत उतरविली जाते तेव्हाच मिळते. जीर्णोद्धारात दगड सुटा होतो, तेव्हा शतकांनंतर प्रथमच त्याच्या सहाही बाजू माणसाच्या दृष्टीस पडतात. ती संधी काही तासांची असते. दगड परत बसला की पुढील अनेक पिढ्यांसाठी ती बंद होते आणि दगड बदलला गेला तर कायमची नाहीशी होते. जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या जतनविषयक नियमपुस्तिकेने मूळ अवशेष जसेच्या तसे राखण्यावर भर दिला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ च्या राष्ट्रीय जतन धोरणाने पारंपरिक कारागिरांच्या कौशल्याची दखल घेतली. या दोन्हींच्या भूमिकेशी सुसंगत अशी एक साधी अपेक्षा आहे. उतरविलेल्या प्रत्येक दगडाच्या सर्व बाजूंची छायाचित्रे व्हावीत, खुणांचे ठसे घ्यावेत आणि दगडाची मूळ जागा नोंदवावी. नवा क्रमांक रंगविताना जुनी खूण झाकली जाऊ नये, एवढी दक्षता घेणे फारसे खर्चाचे नाही.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथे २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत आहे. सिंहस्थ म्हणजे गर्दी आणि गर्दी म्हणजे रुंद वाटा, नवी फरसबंदी, धुतलेले दगड. भाविकांच्या सोयीसाठी ही कामे आवश्यक असतात, त्यांना विरोध करण्याचे प्रयोजन नाही. मात्र मंदिराचे संरक्षित आवार संपले की कुंड, घाट, धर्मशाळा, जुने वाडे आणि डोंगरावरील कातीव पायऱ्या यांची नोंद करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतो. घाटावरची एक जुनी पायरी बदलली म्हणून माहात्म्यात उणेपणा येत नाही. पाथरवटाच्या इतिहासातील एक ओळ मात्र त्यामुळे कमी होऊ शकते. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व मराठी विभागांनी मिळून विद्यार्थ्यांकरवी अशी नोंद हाती घेतल्यास ते बहुविद्याशाखीय संशोधनाचे सार्थ उदाहरण ठरेल. दगडाची जात भूगोलाचा विद्यार्थी ओळखील, मोडी कागद इतिहासाचा विद्यार्थी वाचील आणि टाकी, पाचर, चिरा, सांधा यांचे बोलीतील शब्द मराठीचा विद्यार्थी वडार वस्तीतील वृद्ध कारागिरांकडून टिपून घेईल.

निष्कर्ष

१. पाथरवटांच्या खुणा या प्रामुख्याने काम, जुळणी आणि मोबदला यांच्या व्यवहारातून निर्माण झालेल्या आहेत. त्यांचा अर्थ लावताना त्यांचा अपेक्षित वाचक कोण होता, हे प्रथम निश्चित करावे लागते.

२. भारतीय कारागीर अनामिकच होता, हे मत कोंडाणे, पितळखोरे, भोजपूर आणि होयसळ मंदिरे यांतील पुराव्यांमुळे टिकत नाही. त्याचबरोबर प्रत्येक खुणेला कलावंताची सही समजणेही युक्त नाही.

३. दर्शनी भागावर खूण न दिसण्याची कारणे घडणावळीचा क्रम, मेहनतान्याची पद्धत आणि लेखी हिशेबाची व्यवस्था यांत शोधावी लागतात. पेशवेकालीन वास्तूंच्या बाबतीत दगड आणि दप्तर यांचा एकत्रित अभ्यास अपरिहार्य आहे.

४. त्र्यंबकेश्वर, सुंदरनारायण आणि काळाराम या एकाच प्रदेशातील व जवळपास एकाच काळातील मंदिरांचा तुलनात्मक अभ्यास झाल्यास नाशिक परिसरातील कारागिरांच्या स्थलांतराचा आणि सातत्याचा इतिहास उलगडू शकेल.

५. जीर्णोद्धाराच्या वेळी दगडांच्या आतील बाजूंची नोंद करणे हा जतनाचा अनिवार्य भाग मानला गेला पाहिजे.

त्र्यंबकेश्वराच्या मंदिराचा करविता इतिहासाला ज्ञात आहे आणि त्याचे श्रेय त्याला मिळालेले आहे. ज्यांनी एकतीस वर्षे ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी दगड घडविला, त्यांच्यासाठी शिलालेख लिहिला गेला नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा दोनच आहेत, एक सांध्यातील खूण आणि दुसरी दप्तरातील नोंद. दोन्ही वाटा अद्याप खुल्या आहेत. मात्र त्यांतील पहिली प्रत्येक बेफिकीर दुरुस्तीगणिक थोडीथोडी बंद होत जाते, याचे भान अभ्यासकांनी आणि समाजाने ठेवणे अगत्याचे आहे.